बाकाची वाटणी

"लावा करवत," थोरला म्हणाला, तेही सुताराकडे बघून.

धाकट्याने खांदे उडवले. "लावा की! माझी कुठे ना आहे? सांगा त्यांना."

आई गेल्यावर रिकाम्या केलेल्या घरात आता हा एक बाकच उरला होता. दीडशे वर्षांचा, ओकच्या लाकडाचा. उंच पाठीवर द्राक्षांचे वेल कोरलेले आणि मधोमध सिंहाचं तोंड. दोघांनाही तो हवा होता आणि दोघा भावांचं वर्षभर बोलणं बंद होतं. त्यामुळे सगळी बोलणी बिचाऱ्या सुतारामार्फत चालली होती.

सुताराने सिंहाच्या कपाळापासून खाली पेन्सिलीने रेघ मारली. "कापलेलं लाकूड परत जुळत नाही. म्हणून मी तीनदा विचारतो. हे तिसऱ्यांदा."

दोघांनीही मान डोलावली. धाकटा तर निर्धास्त होता. दादा हट्टी खरा, पण या बाकावर त्याचा जीव. करवतीचे दात लागले की ओरडेलच.

करवत लागली. दादा ओरडला नाही.

जुना ओक कसला चिवट! सुतार घामाघूम झाला. दोनदा थांबून पाणी प्यायला, दोन्ही वेळा दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. दोघांनीही नजर वळवली. सिंहाचा एक डोळा इकडे गेला, एक तिकडे.  'थांबा' हा शब्द धाकट्याच्या अगदी ओठांवर आला होता, पण आधी आपणच का बोलायचं?

बसायची फळीही कापली गेली आणि कडकन बाक दुभंगला. दोन-दोन पायांवरचे ते दोन अर्धे भाग कलंडू लागले, तसे दोघे धावले आणि आपापला भाग धरून उभे राहिले. समोरासमोर. थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सोडू नका," हत्यारं पिशवीत भरता भरता सुतार म्हणाला. "सोडलंत की पडेल."

तो गेला. भुसा अजून हवेत तरंगत होता.

"तू थांबवलं का नाहीस रे?" थोरल्याने विचारलं. थेट धाकट्यालाच विचारलं.

धाकट्याला डोळे पुसायचे होते, पण हात मोकळे नव्हते.

"दादा, मला वाटलं, तू थांबवशील."