सोवळ्यातला पाक

परीक्षानळीतला द्रव पिवळाच राहिला. शेजारच्या नळीत सरकारी गोदामातल्या भांगेचा अर्क होता. क्षाराचा थेंब पडताच त्याला जांभळा रंग चढला होता. वैद्य दिनकररावांच्या विजयापाकाने, म्हणजे भांगेच्या पाकाने, मात्र रंग बदलला नाही. लक्ष्मीकांतने बरणीच्या तळातून नवा नमुना घेतला आणि प्रयोग पुन्हा केला. पुन्हा पिवळाच.

दवाखाना ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, टोपी बाजारात होता. ग्वाल्हेर आता मध्यभारतात विलीन झाले होते. राज्य एक झाले, पण भांगेच्या औषधांबाबत जुन्या संस्थानांच्या रीती अजून निरनिराळ्या होत्या. वैद्यांना मोकळीक द्यावी की परवान्याची सक्ती करावी, यावर सरकारी रसायनज्ञ म्हणून लक्ष्मीकांतला अभिप्राय द्यायचा होता. त्याचे मत आधीच ठरले होते: ज्या औषधाची मात्रा मोजता येत नाही, ते मोकळे सोडू नये. दिनकररावांचे घर या एका पाकावर चालत होते, आणि नावही.

"अभिनंदन, वैद्यराज," लक्ष्मीकांत कोरडेपणाने म्हणाला. "यात भांगच नाही. तेव्हा आपल्याला कोणताही नियम लागू होत नाही."

दिनकरराव ताडकन उठले. "भांग नाही? मतलब, मी लोकांना फसवतो? विजया मी स्वतः धुतो, पाणी नितळ येईपर्यंत. स्वतः तुपात परततो!"

आबकारी निरीक्षक दौलतसिंह हसले. "वैद्यजी, हमारी अम्मा तो बरसों से इसी के भरोसे सोती हैं. अब उनसे कौन कहे?"

"त्यांना झोप लागते ना? मग यांची नळी खोटी!"

"नळीला आपली ओळख नाही," लक्ष्मीकांत म्हणाला. "आणि धुण्याचे म्हणाल, तर भांगेतला नशेचा अंश पाण्यात विरघळत नाही, तुपात उतरतो. यात विजया असती, तर आपण कितीही धुतली तरी ती तितकीच जहाल राहिली असती. समजा, एखाद्या लहान मुलाने बरणी उघडली, तर?"

"तर काय? शुद्ध केलेली विजया आहे ती. मूल बरणी संपवून बसलं, तरी फार तर झोपेल."

आतल्या खोलीत चाललेला भांड्यांचा आवाज थांबला.

"परतून झाल्यावर ती कोणाच्या हाती जाते?" लक्ष्मीकांतने विचारले.

"घरातच. आमच्याकडे औषधाचा पहिला घास देवापुढे ठेवतात, म्हणून पाक सोवळ्यात होतो. दवाखान्यातल्या कपड्यांनी मीसुद्धा त्या चुलीपाशी जात नाही. पूर्वी अंघोळ करून मीच करायचो." दिनकररावांचा आवाज जरा उतरला. "आमचा लहानगा मधू तापात गेला, झोपेतच. तेव्हापासून ही करते. तिनंच मागून घेतलं. म्हटलं, मन रमेल." मग त्यांनी आत हाक मारली. "अगं, जरा इकडे ये. या साहेबांना सांग, पाकात विजया घालतेस की नाही ते."

अनसूयाबाई दारापर्यंत आल्या. सोवळ्यात असल्याने त्या उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"नाही घालत," त्या म्हणाल्या.

दिनकररावांनी बरणी उचलून तिच्यापुढे धरली.

"शेवग्याचा पाला वाळवून घालते. आपण दिलेली विजया चुलीत जाते."

दौलतसिंहांचे हसू ओसरले. लक्ष्मीकांतला मात्र समाधान लपवता आले नाही. अर्धे लष्कर इतकी वर्षे शेवग्याच्या पाल्यावर झोपत होते. त्याच्या मनात अहवालाचे पहिले वाक्य जुळून आले. ते थोडेसे विनोदीही होते.

"का?" दिनकररावांनी विचारले. "माझ्या विद्येवर तुझा विश्वास नव्हता?"

"होता. म्हणून तर बरणी खालच्या फळीवर ठेवत होते."

लक्ष्मीकांतच्या मनातले वाक्य तिथेच तुटले. दोन्ही नळ्या अजून त्याच्या हातात होत्या. त्या कुठे ठेवाव्यात, हे त्याला सुचेना.

अनसूयाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. आवाज चढला नव्हता, कापतही नव्हता.

"मधूचा ताप आदल्या संध्याकाळीच उतरला होता. सकाळी तो झोपलेला होता, आपण आत्ता म्हणालात तसाच. आपण नाडी पाहायला येण्याआधी मी त्याच्या ओठांवरचा पाक पुसला."