अप्पांचं हसू

पहिला फोटो उघडला तो काळाकुट्ट. दुसराही तसाच. ताईकडे न बघताच तिच्या फोटोग्राफर भावाने तिसरा उघडला.

ताई शेजारी स्टुलावर बसली होती. अप्पा जाऊन आठवडा झाला होता आणि तिला वडिलांचा एकच हसरा फोटो हवा होता. फोटो म्हटलं की अप्पांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. तिच्या लग्नाच्या फोटोतही ते वधूचे बाप कमी आणि मंडपाचे रखवालदार जास्त वाटायचे. पण जाण्याच्या थोडं आधी एका संध्याकाळी तिने धाकट्या भावाचा हा बोजड कॅमेरा उलटा धरला आणि अप्पा पलंगावर पडल्यापडल्या खदखदून हसले. तिने तो सरळ करून पटापट बटण दाबलं होतं.

खरं तर ती मोबाइलवरच काढणार होती. मोबाइलवर कसले फोटो, माझा कॅमेरा ठेव, असं भावानेच सांगितलं होतं. कॅमेरा मात्र स्टुडिओच्या सेटिंगवर राहिला होता, मोठ्या फ्लॅशच्या उजेडाला बेतलेला. पडदे ओढलेल्या खोलीत त्याला काय दिसणार? काढलेला फोटो लगेच स्क्रीनवर दाखवायची सोयही त्याने बॅटरी वाचवायला बंद केलेली. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“कच्च्या फाइलीत बरंच दडलेलं असतं,” तो म्हणाला. गिऱ्हाइकांना तो हेच सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. त्याने उजेड वाढवत नेला. काळ्याचं जांभळं झालं, त्यात रवाळ ठिपके उठले, कडेला पडद्याच्या फटीची एक उभी रेघ दिसली. पलंगाच्या जागी नुसते ठिपके.

“मी डोळ्यांनी पाहिलं रे,” ताई म्हणाली. “कॅमेऱ्याच्या त्या डोळा लावायच्या भोकातून. दात दिसत होते त्यांचे.”

एकूणएक फोटोंची तीच गत. पुसू नकोस, असं तिने बजावलं. गिऱ्हाइकांचे चांगले फोटो जसे मोठ्या फाइलीत ठेवतोस, काही न दाबता, काही न गाळता, तसेच हेही कर. त्याने सगळे फोटो तशा फाइलींत बदलायला लावले. अशा फाइलीत प्रत्येक ठिपक्याला ठरलेली जागा मिळते आणि फाइल तेवढीच मोठी होते, मग त्यात माणूस असो की अंधार.

एकेक फाइल तयार होऊ लागली. ताईने चष्मा लावून फाइलींसमोरचे आकाराचे आकडे वाचले. वरच्या ओळीत गेल्या महिन्यातल्या लग्नातली नवरी होती, दागिन्यांनी मढलेली.

“बघ,” ती म्हणाली, “आपले फोटो हिच्याएवढेच भरलेत. म्हणजे आत आहेत अप्पा.”

“हो,” फोटोग्राफर म्हणाला आणि पुढची फाइल तयार व्हायची वाट बघत राहिला.