आडाचं पाणी

माझ्या हातचं वरण आजवर कधी खारट झालं न्हाई, कंधारात कुणालाबी विचारा. म्हणून त्या दुपारी पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं, तसं मी सुनेला, राजकन्येला, फैलावर घेतलं.

"राजकन्या, माहेरी मिठागर हाय का गं तुझ्या?"

"आत्याबाई, मिठाच्या डब्याला तुम्ही हात तरी लावू देता का?"

खरंच होतं ते. मीठ माझं मीच टाकते. मग मी रांजणातलं पाणी चाखलं. खारट! परसातल्या आडातून पोहरा काढला, तेबी खारट. गल्लीतली निम्मी माणसं ज्या आडाचं पाणी पितात, त्याचं.

तेवढ्यात लखनचा फोन आला. माझा लेक लक्षद्वीपच्या एका बेटावर असतो, दीपगृहाजवळ. तिथं समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजाचे फोटो काढायला पाण्यात उतरतो. माझ्या जिवाला घोर असतो, पण बोलून दाखवायची सवय न्हाई मला.

"आई, गंमत झाली," लखन म्हणाला. "इथलं समुद्राचं पाणी आज गोड लागून राहिलंय. अगदी आपल्या आडासारखं."

राजकन्या हसली. मला हसू आलं न्हाई. बुडी मारताना हवेची नळी दातांत घट्ट धरावी लागते, हे त्यानंच मला सांगितलेलं.

"पाणी तोंडात गेलंच कसं रे? नळी कुठं हाय तुझी? तू हाईस कुठं?"

"त्या बुडालेल्या जहाजातच की, खाली," तो म्हणाला. "लई गोड हाय, आई. अजून पिऊनच राहिलो."