बिनसावलीचा टॉवर
"शाळेच्या मैदानावरची सावली पुसून टाक," बिल्डर म्हणाला.

संगणकावर त्याचा टॉवर चितारणाऱ्या मृण्मयीने समजावलं, "सर, सावलीशिवाय इमारत खोटी दिसते."

"चित्रं काढ. अक्कल पाजळू नकोस."

तिने सावली पुसून टाकली.

टॉवरच्या परवानगीसाठीच्या सुनावणीत शाळेच्या पालकांसमोर ते चित्र पडद्यावर झळकलं. एक आई खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, हा टॉवर जमिनीला टेकलाय कुठे? आमच्या पोरांच्या डोक्यावर अधांतरी लोंबकळणार वाटतं!"

सभागृह खो-खो हसलं. बिल्डर सगळ्यांदेखत मृण्मयीवर खेकसला, "काय हे भिकार काम! आत्ताच्या आत्ता नीट कर!"

"करते की, सर," ती गोड हसून म्हणाली आणि तिने संगणकावर सावली पुन्हा चालू केली.

टॉवर जमिनीवर घट्ट बसला. मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत काळवंडलं. हसणं थांबलं आणि पालक खुर्च्या मागे सारून उभे राहिले.