रुळांखालची ऊब

डिसेंबरातही रेल्वे इंजिनिअर टिळेकर घामाघूम झाले होते. लडाखच्या रेल्वे कॉलनीत ते दारोदार हीटर लावायला सांगत फिरत होते. रुळांखालची गोठलेली माती वितळू नये म्हणून तिच्यातली उष्णता उपसून पाइपांनी या हीटरमध्ये सोडलेली होती. यंदा थंडीच पडली नाही, म्हणून सगळ्यांनी हीटर बंद केले. माती मऊ पडली आणि रूळ खचू लागले.

"वहिनी, संध्याकाळच्या गाडीत माणसं आहेत हो," ते शेजारच्या सरोदे वहिनींना वैतागून म्हणाले.

"आधीच उकडून जीव चाललाय, भावजी."

"मग खिडक्या उघडा, पण हीटर लावा."

वहिनींनी हीटर लावला आणि खिडक्या सताड उघडल्या. "ही सगळी उष्णता आता बाहेर जाऊन काय करणार?"

टिळेकरांना उत्तर ठाऊक होतं: हवा आणखी तापवणार आणि माती पुन्हा मऊ पाडणार. त्यांनी कपाळ पुसलं आणि पुढच्या दाराची बेल दाबली.