वाऱ्याची दोरी

"भाऊ, थकले काय तुमी?"

दुपारी लाइट गेली, तेव्हा मैत्रिणींनी पैज लावली म्हणून कुंतानं व्हरांड्याच्या रिकाम्या कोपऱ्याला विचारलं. उद्या मामाच्या लग्नात नाचायचं होतं. आज भीती कसली?

एटापल्लीकडचा हा इंग्रजी बंगला आता मुलींचं वसतिगृह होता. पूर्वी याच कोपऱ्यात बसून गडी भिंतीच्या भोकातून छताच्या कापडी पंख्याची दोरी ओढायचा, आत साहेबाला वारा लागायचा. पंखा, दोरी सगळं कधीच निघालं. तरी लाइट गेली की पोरींच्या खाटांवर वारा यायचा आणि कोपऱ्यात कुणीतरी धापा टाकायचं.

कुंताच्या प्रश्नासरशी ती धाप थांबली.

"वारा काऊन गेला वं?" आतून रीता ओरडली.

कुंताच्या मुठीत घामानं ओली दोरी आली होती. तिनं ओढून पाहिली. आत पोरी खुशीत हसल्या.

संध्याकाळी आईबाबा न्यायला आले, तेव्हा ती तिथंच बसली होती. मान कलंडलेली, रिकामी मूठ मागंपुढं होत होती.

"तुमी जा, बाबा. मी नाई येत. पोरींचा आताच डोळा लागला."