एकविसावं जेवण

"अजून एक तुकडा घे," काकू म्हणाल्या, आणि नको म्हणायच्या आत पक्कडच्या ताटात मासा पडलासुद्धा. समोर बसलेले काका त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तो घास चावतो कसा, गिळतो कधी, हे ते रोज असंच पाहत. त्यांच्या स्वतःच्या ताटात मात्र चमचाभर भात असायचा, आणि शेजारी मोजून भरलेलं अर्धा पेला पाणी.

पक्कड हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं काढली, त्यात कधीतरी मिस्त्रींनी ते चिकटवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आईवडील लहानपणीच गेले. तो वाढला वसतिगृहात आणि जेवला खानावळीत. आणि अचानक एके दिवशी हे काका कारखान्याच्या दारात दत्त म्हणून उभे राहिले. वडिलांचे चुलतभाऊ. परदेशात त्यांचं बारा मजली हॉटेल होतं आणि तिथल्या लिफ्टना घरचा माणूस हवा होता. पगार ऐकून पक्कडला ठसका लागला. निघेपर्यंत दिवेलागणीला जेवायला आमच्याकडेच यायचं, हेही काकांनी परस्पर ठरवून टाकलं. मिस्त्री म्हणाले, जावयाचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत बाबा, लग्नाची मुलगी बिलगी तर नाही ना त्या घरात?

मुलगी नव्हती. मूलबाळच नव्हतं. होती ती दोघंच, आणि त्यातल्या काकू "घे" आणि "अजून घे" यापलीकडे फारसं बोलत नसत. पण सहा वाजले की त्या खिडकीत उभ्या असायच्या. आपली वाट पाहणारं कुणी असतं, हे पक्कडला तिसाव्या वर्षी कळत होतं.

परदेशी जायचं तर प्रकृती ठणठणीत हवी, तिकडचे नियम भारी कडक, असं काकांचं म्हणणं. ते स्वतः त्याला दवाखान्यात न्यायचे. आधी लशी टोचून झाल्या. मग रक्त घेतलं. मग पुन्हा रक्त. मग पोटाचे फोटो. विडी सुटली. मीठ कमी झालं. अंग दुखलं तरी मनाने गोळी घ्यायची नाही, अशी ताकीद मिळाली. सख्ख्या बापानेही इतकं जपलं नसतं, असं पक्कड मिस्त्रींना सांगत सुटला.

एका संध्याकाळी जिन्यात काकांचा तोल गेला. पक्कडने त्यांचा डावा हात धरला आणि दचकला. बाहीच्या आत, कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत होतं. बंद दारामागे मोटर चालू राहिलेली असावी तसं. दारावर नुसता तळवा ठेवून लिफ्टचं दुखणं ओळखणारा माणूस तो, पण हे काही त्याला ओळखता आलं नाही. काकांनी हात झटकन सोडवून घेतला, आणि त्या दिवशी जेवताना ते त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

एकविसाव्या दिवशी काकांना अंथरुणातून उठवेना, म्हणून सकाळी रिपोर्ट आणायला पक्कड एकटाच गेला. खिडकीवरची नर्स नवी होती. तिने पाकीट दिलं आणि कौतुकाने म्हणाली, "सख्ख्या भावाचंसुद्धा इतकं जुळत नाही हो. आपली किडनी द्यायला मोठं मन लागतं."

पाकीट खिशात घालून तो निघाला. कामावर गेला, लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि पान्हा हातात धरून दिवसभर तिथेच बसून राहिला. आधी संताप आला. मग सगळं एकेक करून उलगडत गेलं, ते मोजलेलं पाणी, डायलिसिससाठी नस जोडलेला तो थरथरणारा हात. आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, पण संध्याकाळ झाली तशी त्याला नेहमीसारखी भूक लागली.

सहा वाजता तो जेवायला हजर झाला. काका कसेबसे उठून टेबलाशी बसले होते. त्याने पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि नर्सने काय सांगितलं ते सांगितलं. काकांचा चेहरा उतरला नाही. सांगणारच होतो, तिकडे पोचल्यावर, असं ते शांतपणे म्हणाले.  पण पक्कड मनाशी ठरवून आला होता.

"देतो," तो म्हणाला. "नोकरीसुद्धा नको मला. फक्त तिकडून परत आल्यावरही असंच रोज जेवायला बोलवायचं."

काकांनी टेबलावरून हात पुढे करून त्याचा हात घट्ट दाबला. "हे काय विचारणं झालं? रोज ये. जन्मभर ये. हे घर तुझंच आहे."

काकूंनी वाढायचा चमचा खाली ठेवला. पक्कडच्या पुढ्यातलं भरलं ताट उचलून त्या आत ठेवून आल्या. मग बाहेरचं दार त्यांनी सताड उघडलं आणि तिथेच उभ्या राहून, नवऱ्याकडे बघत, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "सात वर्षांपूर्वी किडनी देणाऱ्या त्या पोरालाही तुम्ही अगदी हेच सांगितलं होतं. तिकडून परत आपण दोघंच आलो."